गोजरबाईंचं मौन

चतुर्थीचा चंद्र पाहू नये, हे मला लहानपणापासून माहीत आहे. पाहिला तर चोरीचा आळ येतो. खुद्द श्रीकृष्णाला तो चुकला नाही, तिथे पाटबंधारे खात्यातल्या निवृत्त हेडक्लार्कची काय कथा. पण तो चंद्र टीव्हीवर पाहू नये असं कुठल्याही पोथीत लिहिलेलं नाही, आणि माझं सगळं म्हणणं एवढंच आहे.

गावाचं नाव मी सांगणार नाही. बुलढाणा जिल्ह्यात आहे आणि डोणगावची एसटी आमच्या फाट्यावर थांबते, इतकं पुरे. कॉलनीचं नाव मात्र सांगायला हरकत नाही, कारण त्या नावाची लाज आता आम्हालाच वाटते. विश्वासनगर. या विश्वासनगरात मारुतीच्या देवळाबाहेर एक सार्वजनिक नळ आहे. आमच्याकडे पाणी दहा दिवसांनी येतं, त्यामुळे नळ ही वस्तू आम्ही वापरतो कमी आणि सांभाळतो जास्त. त्या नळाची पितळी तोटी वर्षात तीनदा चोरीला गेली. आटे झिजल्यामुळे ती नुसत्या हातानेही निघायची, म्हणजे चोराला पान्हासुद्धा आणावा लागत नसे. तिसऱ्या तोटीनंतर मी अर्ज लिहिला.

अर्ज लिहिणं हा माझा धर्म आहे. चौतीस वर्षं मी दुसऱ्यांच्या अर्जांत त्रुटी काढल्या. त्यामुळे माझ्या अर्जात त्रुटी निघेल असं मला वाटलं नव्हतं. निघाल्या सात. शहरभर सरकारी कॅमेरे लावायची योजना आली होती, पण त्यासाठी परिसर ‘संवेदनशील’ असल्याचा दाखला लागत होता. दाखला देणाऱ्यांनी विचारलं, दंगल झाली आहे का? मी म्हटलं, तोटी गेली आहे. त्यांनी अर्ज माझ्याकडे परत सरकवला. शेवटी ‘धार्मिक स्थळालगतच्या पितळी मालमत्तेस वारंवार धोका’ असं शब्दांकन मी स्वतः करून दिलं, आणि तो दाखला मिळाला. शब्दांकन ही कला आता लोप पावत चालली आहे.

मग सुरक्षा समिती स्थापन झाली. अध्यक्ष मी. उपाध्यक्ष पंजाबराव, म्हणजे देवळासमोरच्या बंगल्याचे मालक. त्यांचं शेत गावाबाहेर आहे, पण गुरांचा पत्र्याचा गोठा इथेच बंगल्याला चिकटवलेला आहे. चिटणीस भागवत सर, हायस्कुलात विज्ञान शिकवतात. अध्यक्ष ओळखू यावा म्हणून मी एक केशरी जाकीट शिवून घेतलं आणि त्याच्या पाठीवर मोठ्या अक्षरांत ‘अध्यक्ष, सुरक्षा समिती’ असं छापून घेतलं. हे जाकीट लक्षात ठेवा, कारण पुढे सगळ्यांनीच ते लक्षात ठेवलं.

खांब आला, खड्डा झाला, उरलेल्या गिट्टीचा ढीग नळाशेजारीच राहिला. बुलढाण्याहून कुशल नावाचा तरुण इंजिनिअर दोन कॅमेरे घेऊन आला आणि त्याने साधा प्रश्न विचारला, कॅमेऱ्यांची तोंडं कुठे करायची? त्या प्रश्नावर आमच्या पाच सभा झाल्या. कॅमेरा सगळ्यांना हवा होता, पण शेजाऱ्याच्या दारावर. पंजाबरावांच्या फाटकाकडे नको, कारण गोठा दोन फूट रस्त्यात आला होता. भागवत सरांच्या घराकडे नको, कारण संध्याकाळी तिथे चाळीस मुलं केवळ सरांवरच्या प्रेमापोटी जमत आणि सर केवळ प्रेमापोटी त्यांना शिकवत. मारुतीने तेवढी हरकत घेतली नाही, म्हणून पहिला कॅमेरा देऊळ आणि नळाकडे वळवला. दुसऱ्याबद्दल एकमताने ठराव झाला की तो कोणाच्याही घराकडे पाहणार नाही. मग तो पाहील कुठे, असं कुशलने विचारलं. बराच खल झाल्यावर त्याचं तोंड पश्चिमेला, सगळ्या छपरांच्या वर करण्यात आलं.

आणखी एक सोय मी आग्रहाने मागून घेतली. अंधार पडल्यावर नळाजवळ कोणी आलं की त्याचा फोटो समितीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आपोआप पडायचा. फुकटच्या सोयीत दर संध्याकाळी एकच फोटो मिळतो, पहिल्या माणसाचा, असं कुशल म्हणाला. मी म्हटलं, चोर तरी एका संध्याकाळी किती येणार.

माझी खरी चूक झाली ती भाषणात. खांब उभा राहिला त्या दिवशी मी बोललो आणि बोलण्याच्या भरात म्हणालो की हा कॅमेरा पाहतोही आणि ऐकतोही. ऐकण्याचं मला कोणी सांगितलं नव्हतं. पण नुसतं ‘पाहतो’ म्हटल्यावर टाळ्या कमी पडल्या होत्या.

त्या एका वाक्याने विश्वासनगर बदललं. लोक खांबाखालून जाताना घसा साफ करून ‘राम राम’ म्हणू लागले. भाजीवालीशी घासाघीस करताना ‘ताई’ म्हणू लागले. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे गोजरबाई गप्प झाल्या.

गोजरबाई पंजाबरावांच्या आई. वय पंच्याहत्तर, अंगाने काडी, आणि आवाज असा की चार गल्ल्यांत पोहोचावा. त्यांच्या शिव्यांवर कॉलनीची सकाळ सुरू व्हायची. ‘मुडदा बशिवला तुहा’ ऐकू आलं की साडेसहा वाजले समजावं, ‘तोंडाले आग लागो तुह्या’ ऐकू आलं की दूधवाला आला. त्यात दुष्टावा नव्हता. म्हशीला, दूधवाल्याला आणि पोटच्या पोराला त्या सारखंच वागवत. पण पंजाबरावांनी आईला बजावलं की खांब ऐकून राह्यला, नोटीस येईल, आणि पूनमचं, म्हणजे नातीचं, लगीन ठरायचं आहे. तेव्हापासून त्या म्हशीलाही ‘अहो’ म्हणू लागल्या. म्हैस दूध कमी देऊ लागली.

गणेश चतुर्थीला मंडपात आरतीनंतर कॅमेऱ्याचं लोकार्पण ठेवलं होतं. कॉलनीचा मोठा टीव्ही गणपतीशेजारी मांडला होता. पंजाबरावांपासून भागवत सरांपर्यंत सगळे सहकुटुंब हजर होते. फक्त गोजरबाई आल्या नव्हत्या, त्यांना टीव्हीची भीती वाटते. सात वाजून वीस मिनिटांनी, अंगात केशरी जाकीट, अशा थाटात मी बटण दाबलं. पडद्याचे दोन भाग झाले. डावीकडे मारुती, गिट्टी आणि नळाचा कठडा दिसला. उजवीकडे पश्चिमेचं आभाळ होतं. आठवडाभर ढग होते, नेमके त्याच दिवशी नव्हते. आभाळाच्या बरोबर मध्यभागी, कोणीतरी मुद्दाम नेम धरून लावावी अशी, चतुर्थीची कोर होती.

आधी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग टाळ्या एकेक करून थांबल्या. एका बाईने पदर डोळ्यांवर ओढला, पण उशीर झाला होता. भागवत सर म्हणाले की हा चंद्र नव्हेच, हे नुसते प्रकाशाचे ठिपके आहेत, विज्ञानदृष्ट्या काळजीचं कारण नाही. एवढं सांगून ते प्रसाद न घेता घरी गेले.

मी घरी आलो तेव्हा सुलभा, माझी बायको, आरती होताच परत येऊन दुसऱ्या दिवशीच्या प्रवासाची पिशवी भरत होती. तिच्या बहिणीकडे डोणगावला महालक्ष्म्या बसतात, तयारीला तिला पहाटेच्या गाडीने जायचं होतं. मी तिला विचारलं, चंद्र दिसला तर उपाय काय गं? ती म्हणाली की आजी सांगायची, शेजाऱ्याच्या छपरावर खडा मारायचा आणि त्याच्या शिव्या खायच्या. शिव्या पडल्या की आळ टळतो. मात्र मारताना कोण आहे ते शेजाऱ्याला कळता कामा नये, आणि शिव्या मनापासून आलेल्या हव्यात.

“तूच दे ना एखादी,” मी म्हटलं.

“मला येत नाहीत,” सुलभा म्हणाली. “येत असत्या तर बेचाळीस वर्षं थांबले असते का?”

मी डोक्याला पंचा गुंडाळला, तोंड झाकलं आणि बाहेर पडलो. कोणाच्या छपरावर मारायचा हा प्रश्नच नव्हता. शिव्या खायच्याच तर त्या जाणकाराच्या खाव्यात. गिट्टीच्या ढिगापाशी वाकून मी तीन खडे उचलले आणि पहिला गोजरबाईंच्या गोठ्याच्या पत्र्यावर टाकला. खण्ण झालं. मी देवळाच्या आडोशाला उभा राहिलो आणि कान टवकारले.

दार उघडलं. गोजरबाई ओट्यावर आल्या. त्यांनी आधी खांबाकडे पाहिलं, हात जोडले आणि अंधाराला म्हणाल्या, “कोन हाये बापा? तुमाले काई लागलं तं नाई ना?”

मी दुसरा खडा मारला, जरा मोठा. त्या म्हणाल्या, देव तुमचं भलं करो. तिसरा मी खरोखर रागाने मारला. त्यांनी आतून पाण्याचा तांब्या आणून ओट्यावर ठेवला आणि वाटसरूसाठी आहे असं सांगून दार लावून घेतलं. आयुष्यात माझा इतका अपमान कधी झाला नव्हता. घरी येऊन पडलो, तर पत्रा नंतरही दोन-चारदा वाजल्यासारखा वाटला. मनाचे खेळ, म्हणून मी कूस बदलली.

पहाटे सुलभा निघताना काहीतरी सांगत होती. “बादलीतलं तेवढं आठवणीने लावा,” असं काहीसं. मी हो म्हटलं. तिच्या सूचनांना मी नेहमीच हो म्हणतो, म्हणूनच आमचा संसार टिकला आहे.

सहा वाजता पाणी आलं. देवळाच्या नळाला तोटी नव्हती. मोकळ्या पाइपातून चाळीस मिनिटं पाण्याचा लोट वाहिला, थेट पंजाबरावांच्या गोठ्यात शिरला आणि तिथली कडब्याची रास भिजवून गेला. कॉलनी जमा झाली. कोणीतरी म्हणालं, ग्रुप पाहा. ग्रुपवर आदल्या संध्याकाळचा, सात बेचाळीसचा फोटो होता. नळाशी वाकलेला एक माणूस, डोक्याला पंचा, तोंड झाकलेलं. आणि पाठीवर, उन्हात वाळत घातलेल्या सतरंजीइतकं स्पष्ट, ‘अध्यक्ष, सुरक्षा समिती’.

कोणी मला चोर म्हटलं नाही. कॅमेरा ऐकत होता ना. पंजाबराव फक्त म्हणाले, “सायेब, तोटी पाह्यजे होती तं मांगाची होती.” त्यांच्या आवाजात राग नव्हता, दया होती, आणि ती मला जास्त झोंबली. चौतीस वर्षांत मी ऑफिसातली टाचणीसुद्धा घरी आणली नव्हती. बदलीच्या वेळी माझ्या टेबलाच्या खणात निघालेली सरकारी सुतळी मी मोजून परत केली होती. नोकरीत दुसरं काही कमावलं नाही, नाव तेवढं कमावलं होतं, आणि ते एका झिजलेल्या तोटीपायी चाललं होतं. बायका मला पाहून बादल्या आत नेऊ लागल्या. विसर्जनाच्या दिवशी माझा सत्कार ठरला होता, त्याची शाल म्हणे दुकानदाराला परत करायचं ठरत होतं.

मी खडे मारायला गेलो होतो हे सांगावं, तर म्हातारीच्या घरावर दगड मारणारा अध्यक्ष म्हणून वेगळी कीर्ती झाली असती. म्हणून मी मागणी केली की पूर्ण चित्रण पाहा. मी गेल्यावरही तोटी जागेवर दिसेल, अशी माझी खात्री होती. चित्रण मागायच्या अर्जाचा नमुना मीच तयार केला होता आणि त्यात एकही पळवाट ठेवली नव्हती. अर्जावर अध्यक्षाची सही हवी, पण अध्यक्ष आरोपी असेल तर त्याची सही चालणार नाही. अशा वेळी उपाध्यक्ष. उपाध्यक्ष तक्रारदार असेल तर चिटणीस. मी भागवत सरांकडे गेलो, तर ते घाईघाईने म्हणाले की झालं गेलं विसरून जावं, विज्ञान क्षमा शिकवतं. विज्ञान असं काही शिकवत असल्याचं मी प्रथमच ऐकलं. मग नियम गुंडाळून मी इतर सभासदांकडे गेलो. सगळे अतिशय प्रेमाने वागले, नवी तोटी आणून देतो म्हणाले, पण चित्रणाचं नाव काढलं की प्रत्येकाला कुठेतरी जायचं असे.

तिसऱ्या दिवशी गोजरबाई काठी टेकत माझ्या अंगणात आल्या. आल्या त्या इकडेतिकडे बघत, कुजबुजत.

“मले तोटीचं काई घेनं नाई,” त्या म्हणाल्या. “पन माह्या पत्र्यावर त्या सांजेले अकरा गोटे पडले. ते कोन फेकले ते मले पाहाचं हाये. वीस दिस झाले भाऊ, तोंड बंद हाये माह्यं. पोट फुगून राह्यलं.”

अकरा हा आकडा ऐकून मी चमकलो, कारण माझे तीनच होते. नमुन्यात शेवटी ‘अन्य बाधित व्यक्ती’ असा एक रकाना मी सवयीने घातला होता. त्यात गोजरबाईंचा अंगठा उमटवला आणि अर्ज मंजूर झाला.

चौथ्या दिवशी सकाळी कॉलनी पुन्हा त्याच टीव्हीसमोर बसली. कुशलने चित्रण दुपारपासून लावलं. चार वाजून दहा मिनिटांनी पडद्यावर एक बाई आली. हातात ताम्हन होतं. तिने मारुतीला नमस्कार केला, नळाची तोटी दोन बोटांनी फिरवून काढली, ताम्हनात ठेवली, पुन्हा नमस्कार केला आणि शांतपणे निघून गेली. ती सुलभा होती.

माझी मान खाली गेली. तेवढ्यात मागून आवाज आला, “अहो, अजून लावली नाहीत का ती?” सुलभा एसटीतून उतरून थेट तिथेच आली होती, हातात पिशवी तशीच. सणाला घरची सगळी पितळी भांडी तिने चिंचेने घासली, तेव्हा मारुतीची तोटी तरी काळी कशाला ठेवायची म्हणून तीही घासायला आणली होती. चिंचेच्या पाण्यात बादलीत आहे, सकाळी पाण्याच्या आधी लावा, असं मला सांगून ती गेली होती. म्हणजे तीन दिवस मी निर्दोषत्वाचे पुरावे शोधत होतो आणि चोरीचा माल मोरीत, माझ्या चपलांच्या शेजारी भिजत होता.

भागवत सर ताडकन उभे राहिले. प्रकरण मिटलं, आता टीव्ही बंद करावा, असं ते म्हणाले. बऱ्याच जणांनी अनुमोदन दिलं. पण गोजरबाईंनी काठी आपटली. “माहे गोटे कुठी हायेत?” त्या म्हणाल्या. कुशलने चित्रण पुढे नेलं.

सात बेचाळीसला मी आलो, वाकलो, तीन फेकले आणि गेलो. सात एकोणपन्नासला बायकोची ओढणी तोंडाला बांधून भागवत सर आले. विज्ञानदृष्ट्या त्यांनी दोन खडे मारले. मग जिल्हा बँकेचे कॅशियर आले, छत्री उघडून. मग पुढच्या गल्लीतले दोघे सख्खे भाऊ आले, जे एकमेकांशी सहा वर्षं बोलत नाहीत. एकाने मारून झाल्यावर दुसऱ्याला जागा करून दिली. आणि आठ वाजून पाच मिनिटांनी पंजाबरावांच्याच बंगल्याच्या बाजूने पडद्यावर एक सावली आली. घोंगडी पांघरलेला एक धिप्पाड माणूस रस्ता ओलांडून गिट्टीपाशी आला, त्याने स्वतःच्याच घरावर खडा मारला आणि आईच्या शिव्यांची वाट पाहत हात जोडून उभा राहिला. घोंगडी सरकली होती, पंजाबराव स्पष्ट दिसत होते.

मंडपात सगळे आपापल्या पायांच्या अंगठ्यांकडे पाहत होते. माझी बायको सोडली तर अख्ख्या विश्वासनगरात चंद्र न पाहिलेली आणि खडा न मारलेली अशी एकच व्यक्ती होती, आणि ती उभी राहिली होती.

“अन् म्या काय बोलली तेबी आयकवा सगळ्यायले,” गोजरबाई म्हणाल्या. “म्या यायले पानी ठेवलं होतं.”

“आजी, आवाज नाही यात,” कुशल म्हणाला. “या कॅमेऱ्याला ऐकूच येत नाही. कधीच येत नव्हतं.”

गोजरबाईंनी हे दोनदा विचारून घेतलं. “म्हंजे हे बहिरं हाये?” मग त्यांनी पदर खोचला.

त्यानंतर अर्धा तास जे झालं ते मी लिहू शकत नाही. सुरुवात पंजाबरावांपासून झाली. वीस दिवस साठलेलं सगळं त्या क्रमाने, नावानिशी, पिढ्यांसकट बाहेर काढत होत्या. भागवत सरांना त्यांनी प्राणिशास्त्रातले बरेच दाखले दिले. आणि गंमत अशी की कोणीच रागावलं नाही. ज्याचं नाव येई तो पुढे होई, हात जोडून उभा राही आणि चेहऱ्यावर समाधान घेऊन जागेवर जाऊन बसे. दोघा भावांना एकच शिवी मिळाली, ती त्यांनी वाटून घेतली आणि सहा वर्षांनी एकमेकांशी बोलले. गोठ्यात म्हैस रेकली.

शेवटी मी पुढे झालो, जाकीट काढून. गोजरबाईंनी माझ्याकडे पाहिलं, पदर सोडला आणि तो नीट डोक्यावर घेतला.

“तुमी घरी जा भाऊ,” त्या म्हणाल्या. “तुमाले नाई. तुमी शिकले-सवरले सायेब मानूस.”

मी विनवण्या केल्या. म्हटलं, पहिला खडा माझा होता, खोटं भाषण माझं होतं, तुम्हाला वीस दिवस गप्प बसवलं ते मी. त्या ऐकेनात, सायेब मानसाले जीभ वळत नाई म्हणाल्या. सगळी कॉलनी सुटली होती आणि भर मंडपात आळ घेऊन मी एकटा उभा होतो. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, हे लपवण्यात अर्थ नाही.

गोजरबाईंना बहुधा दया आली. त्यांनी मागे वळून सुलभाकडे पाहिलं. “वहिनी,” त्या म्हणाल्या, “तुमीच द्या यायले एखादी.”

सुलभाने हातातली पिशवी खाली ठेवली. मोरीतली बादली आठवली असावी, किंवा बेचाळीस वर्षं आठवली असतील. मग तिने माझ्याकडे पाहून एकच शब्द उच्चारला, अगदी हळू आवाजात, मनापासून.

तो शब्द मी इथे लिहीत नाही. पण गोजरबाईंनी तो तिला पुन्हा एकदा म्हणायला लावला आणि पाठ करून घेतला.